बोटाची जागा चित्राने घेतली

रोबोकरवी हृदयाची शस्त्रक्रिया म्हटले की सगळे त्या यंत्राच्या हातांचे कौतुक करतात. मला कुतूहल आहे ते डोळ्यांचे.

१९२५ साली लंडनमध्ये हेन्री सूटर या सर्जनने एका मुलीच्या धडधडत्या हृदयात चक्क बोट घातले आणि आकसलेली मायट्रल झडप बोटानेच रुंद केली. आत काय बिघडले आहे ते बोटालाच कळणार, दुसरा मार्ग नव्हता. मुलगी वाचली. पण त्यानंतर सूटरकडे असा दुसरा रुग्ण कोणी पाठवलाच नाही!

१९२९ साली जर्मनीत वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने वरिष्ठांची मनाई झुगारून स्वतःच्याच दंडातल्या शिरेतून हृदयापर्यंत नळी सरकवली, आणि तशाच अवस्थेत चालत जाऊन एक्स-रे काढून घेतला. (१९५६ साली नोबेल मिळाले. आधी मात्र टवाळीच जास्त.) १९५८ साली अमेरिकेत क्लीव्हलंडला मेसन सोन्सच्या हातून नळी चुकून हृदयाच्या रक्तवाहिनीत शिरली आणि रंगद्रव्य तिथेच गेले. हृदय काही क्षण थांबले, रुग्णाला खोकायला लावले, ठोके परतले. कोरोनरी अँजिओग्राफी जन्मली ती अशी. पुढच्या बायपास शस्त्रक्रिया या चित्रांच्या आधारानेच आखल्या गेल्या.

मग १९९८ साली पॅरिसमध्ये आलँ कार्पेंतिए यांनी रोबोच्या साहाय्याने मायट्रल झडप दुरुस्त केली. छाती उघडी असली की सर्जन महाधमनी चाचपून पाहतो, कुठे चुना साठून ती कडक झाली आहे का. रोबोच्या शस्त्रक्रियेत छिद्रे छोटी, हात आत जातच नाही. (स्पर्शाचा दाब सर्जनपर्यंत पोचवणारी यंत्रे नंतर आली.) शिवाय हार्ट-लंग मशीनची नळी बहुधा जांघेतल्या धमनीतून घालतात. रक्त उलट दिशेने वर ढकलले जाते. वाटेत चरबीचे, चुन्याचे थर असले तर एखादा कण सुटून थेट मेंदूत जायचा आणि झडप दुरुस्त होऊन माणूस पक्षाघाताने अंथरुणाला खिळायचा.

म्हणून आधी छातीपासून जांघेपर्यंत सीटी अँजिओग्राफी करतात. धमन्या किती रुंद, किती वाकड्या, थर कुठे, हे बारकाईने पाहतात. मला यातले महत्त्वाचे वाटते ते हे, की कधी कधी चित्र पाहून सर्जन रोबो बाजूला ठेवतो, आणि जुन्याच पद्धतीने छाती उघडायचे ठरवतो.