सागवानी जहाजाचे सांधे

श्रोतेहो, जहाज म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शिडं येतात, तोफा येतात. पण जहाज तरतं ते फळ्यांच्या सांध्यांवर. सांधा उघडला, की पाणी आत आलंच म्हणून समजा.

मुंबईच्या गोदीचं उदाहरण घ्या. 1736 साली लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या तेथे जहाजे बांधली. त्यांपैकी 'त्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज 12 ऑक्टोबर 1817 रोजी पाण्यात उतरले. बांधणी जमशेटजी बमनजी वाडियांची, लाकूड मलबारी सागाचे. नेपोलियनशी झालेल्या लढायांमुळे इंग्लंडात ओकच्या लाकडाची टंचाई पडली होती. शिवाय सागात मुळातच तेल असते. तो लवकर कुजत नाही आणि ओकसारखा लोखंडी खिळे खात नाही.

पण साग झाला तरी लाकूडच ते! उन्हात आकसायचे, पाण्यात फुगायचे. वरच्या डेकवर तर दिवसा कडक ऊन आणि रात्री दव. अशाने फळ्यांमधली भरण सैल होते. मग ती खरवडून काढायची, फट कोरडी करायची, कापसाचा किंवा जुने दोरखंड उसवून काढलेल्या तंतूंचा पीळ बोथट छिन्नीने आणि मोगरीने ठोकून बसवायचा, अन् वर गरम डांबर ओतायचं. ठोका कमी पडला तर डेक गळतो. जास्त पडला तर फळ्याच फाकतात. शेवटी सांडलेलं डांबर काढून डेक घासायचा, पण तोही बेतानेच. दर खेपेस फळी थोडी झिजते आणि सांध्याची खोली तेवढी कमी होते.

'त्रिंकोमाली' 1897 मध्ये मोडीत निघाले होते, पण वाचले. पुढे ते प्रशिक्षणाचे जहाज झाले. 1987 साली इंग्लंडातील हार्टलपूल बंदरात आल्यावर त्याची मोठी दुरुस्ती झाली, ती 2001 मध्ये संपली. मुंबईत घातलेलं बरंचसं सागवान आजही त्यात आहे आणि जहाज आजही तरंगते आहे.

बांधणाऱ्यांचं नाव इतिहासात राहिलं, ते योग्यच झालं. मात्र ज्यांनी वर्षानुवर्षे ओणवे बसून सांधे बुजवले, त्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. तेव्हा शिक्षकबंधूंनो, तुमच्या गावात होडी सांधणारा किंवा बैलगाडीचे चाक बसवणारा एखादा म्हातारा कारागीर असेल, तर मुलांना त्याच्याकडे न्या. त्याचं नाव, त्याच्या हत्यारांची नावं आणि कामाची रीत वहीत उतरवून घ्या. तो आहे तोवरच हे जमेल.