कुरणाखालची भूक

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटन आपल्या अन्नाच्या तीन वाट्यांपैकी जवळजवळ दोन वाटे समुद्रापलीकडून आणत होता. जर्मन पाणबुड्यांनी ती वाट अडवली तर खायचं काय? या धास्तीने सरकारने 1939 मध्ये जुनी गवताळ कुरणं नांगरण्यासाठी एकरी 2 पौंड अनुदान जाहीर केलं. पुढच्या पाच वर्षांत साठ लाखांच्या आसपास एकर जमीन नव्याने नांगराखाली आली. पिढ्यान्‌पिढ्या जिथे गुरं चरली तिथे गहू आणि बटाटा लावला गेला, आणि कित्येक शेतांत कोवळी रोपं पिवळी पडून मरू लागली.

खाली मातीत वायरवर्म होते. ही ॲग्रिओटिस प्रजातीतल्या भुंगेऱ्यांची अळी. पिवळसर, टणक, तारेच्या तुकड्यासारखी. उताणा पडला की ‘टक्‌’ असा आवाज करत उसळी मारणारा भुंगेरा फार दिवस जगत नाही, अळी मात्र चार-पाच वर्षं मातीत काढते. कुरणात मुळांची रेलचेल असते, म्हणून तिथे तिचा उपद्रव कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. नांगर फिरला, गवत कुजलं, की ती सगळी भूक एकट्या पिकावर येऊन पडते.

मग अळ्यांची शिरगणती सुरू झाली. कीटकतज्ज्ञ शेताशेतांतून मातीचे नमुने काढत, त्यांतल्या अळ्या मोजत आणि काय पेरायचं ते शेतकऱ्याला सांगत. एकरी तीन लाखांच्या आत अळ्या असल्या तर फारशी चिंता नाही. आकडा दहा लाखांवर गेला तर बटाट्याचं नाव काढायचं नाही, वाटाणा किंवा जवस घ्यायचा. केंब्रिजच्या जॉर्ज सॉल्ट आणि हॉलिक यांनी माती चाळण्यांतून धुऊन अळ्या तरंगवून वेगळ्या करायची पद्धत बसवली, तेव्हा नुसत्या डोळ्यांनी निवडताना किती बारीक अळ्या निसटत होत्या हे कळलं.

पण मोजणीने धोका कळतो, अळीची वाट कळत नाही. काळोख्या मातीत तिला मूळ सापडतं कसं? हा प्रश्न केंब्रिजमध्ये ज्यांनी हातात घेतला त्यांची नावं आज वाचताना नवल वाटतं. ए. डी. लीस यांनी 1943 मध्ये दाखवलं की हवेतल्या आर्द्रतेचा अगदी थोडा फरकही तिला जाणवतो आणि ती कोरड्या बाजूपासून मागे फिरते. डग्लस फाल्कनर तिच्यावरचा तापमानाचा परिणाम तपासत होते. पुढे ते आनुवंशशास्त्रातले मोठे अभ्यासक झाले. डब्ल्यू. एच. थॉर्प नंतर पक्ष्यांच्या गाण्याकडे वळले, तर त्यांचे सहकारी ए. सी. क्रॉम्बी विज्ञानाचे इतिहासकार झाले. थॉर्प, क्रॉम्बी आणि इतर दोघांनी 1947 मध्ये जे प्रसिद्ध केलं ते या साऱ्यात सर्वांत मोलाचं. अळीला एका ठिकाणी खेचून आणणारी रसायनं वेगळी आणि तिला चावा घ्यायला लावणारी वेगळी. ॲस्पॅराजिनसारख्या पदार्थांकडे ती वळते. शर्करा किंवा स्निग्ध पदार्थ लागले की तोंड चालवते. ओढ आणि चावा यांची ही विभागणी मातीखालच्या इतक्या लहान जिवात इतक्या स्पष्टपणे दाखवणं हे फार मोठं काम होतं.

ते मागे पडलं, कारण त्याच सुमारास बीएचसी हे कीटकनाशक आलं. बियाण्याला ती पूड चोळली की गव्हाचं काम भागायचं. बटाट्याला मात्र तिचा कुबट वास लागे. महाराष्ट्रात हेच औषध ‘गॅमेक्झीन’ म्हणून घरोघरी पोचलं. भारतात बीएचसीवर बंदी आली ती 1997 मध्ये. विष स्वस्तात मिळत असताना अळी वाट कशी शोधते हे विचारायची निकड शेतीला उरली नव्हती.

तरी काही जणांनी धागा सोडला नाही. स्वित्झर्लंडमध्ये क्लिंगलर यांनी 1950 च्या दशकात भुंगेऱ्यांच्या अळ्या कार्बन डायऑक्साइडच्या दिशेने सरकतात हे दाखवलं. जिवंत मूळ श्वास सोडतं, तोच तिचा माग. कॅनडात डोन आणि सहकाऱ्यांनी 1975 मध्ये वायरवर्मबद्दलही तेच सांगितलं. जुनी कीटकनाशकं एकेक करून बाद होऊ लागल्यावर या माहितीला पुन्हा किंमत आली. जर्मनीत बटाट्याच्या सऱ्यांत यीस्ट आणि मेटारायझियम बुरशी भरलेल्या गोळ्या घालून पाहिल्या गेल्या: यीस्ट कार्बन डायऑक्साइड सोडून अळीला बोलावतं, बुरशी तिला मारते.

आपल्याकडे उसाला लागणारी हुमणी मात्र वेगळ्या कुळातली अळी. तिच्या युरोपीय भावंडावर, मेलोलोंथावर, 2008 मध्ये झालेल्या प्रयोगांत असं दिसलं की मुळांचे इतर स्राव मिसळले की कार्बन डायऑक्साइडची ओढ झाकली जाते. म्हणजे वायरवर्मला लागू पडलेली युक्ती उसाच्या सरीत जशीच्या तशी उचलून चालणार नाही. महाराष्ट्रात अजून हुमणीच्या भुंगेऱ्यावर मोठा भर आहे: वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब आणि बाभळीच्या फांद्या हलवायच्या, खाली पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायचे, आणि हे सगळं माद्यांनी मातीत अंडी घालण्याआधी.