करमाफीचं घर, बाजारभावाचं भाडं

२०१६ साली मी न्यूयॉर्कला पोस्टडॉकसाठी आले आणि वॉल स्ट्रीटपासून चार मिनिटांवरच्या एका आलिशान टॉवरमध्ये राहायला लागले. घरच्यांना वाटलं, पोरीचं मस्त चाललंय. प्रत्यक्षात एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये हॉलला तात्पुरती भिंत घालून आम्ही दोघी राहत होतो. खाली डोअरमन, जिम, पितळी लिफ्ट. वर माझ्या वाट्याला खिडकीच नाही. इमारत मुळात ऑफिसची होती. तसले मजले खोल असतात, आत जाल तसा उजेड संपत जातो. वर्षाचा पगार महिन्याच्या भाड्याच्या चाळीसपट हवा, ही अट दोघींचे पगार जोडून कशीबशी भरली. २०१७ मध्ये लीज संपताना भाडं एकदम ४०० डॉलरनी वाढलं. आम्ही निमूट सामान बांधलं.

असं वाढवता येतं का, हा प्रश्न मला पडलाच नाही. भाडेनियंत्रण म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आजीची गिरगावातली पागडीची खोली यायची. जिमवाल्या इमारतीला कसला आलाय भाडेकायदा?

पण तो होता. १९९०च्या दशकाच्या मध्याला लोअर मॅनहॅटनमधली ऑफिसची साधारण पाचवा हिस्सा जागा रिकामी पडली होती. वॉल स्ट्रीट संध्याकाळी सहानंतर ओस. म्हणून १९९५ मध्ये राज्याने करकायद्यात ४२१-जी हे कलम घातलं: जुन्या ऑफिसांची घरं करा, १४ वर्षांपर्यंत मालमत्ता करात मोठी सवलत घ्या. बदल्यात, सवलत चालू असेतो ती घरं 'रेंट स्टॅबिलायझेशन'खाली राहतील. म्हणजे वर्षाला भाडं किती वाढवायचं ते शहराचं मंडळ ठरवणार, आणि लीज पुढे चालू ठेवण्याचा हक्क भाडेकरूचा.

मग आम्हाला तो हक्क का मिळाला नाही? कारण १९९३ चा आणखी एक कायदा होता. रिकाम्या घराचं भाडं २००० डॉलरवर गेलं (ही मर्यादा पुढे वाढत गेली), की ते घर नियंत्रणाबाहेर. मालक म्हणाले, आमची भाडी पहिल्या दिवसापासून त्याच्या वर आहेत, तेव्हा आम्हाला नियंत्रण लागूच नाही. म्हणजे करमाफी घेतली, अट मात्र जन्मतःच रद्द!

५० मरे स्ट्रीट आणि ९० वेस्ट स्ट्रीट या इमारतींतले भाडेकरू कोर्टात गेले. खाली जिंकले, अपिलात हरले, आणि २५ जून २०१९ ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात ६ विरुद्ध १ मतांनी पुन्हा जिंकले. महागड्या घरांना सूट मिळेल, असं महापौर जुलियानींनी १९९५ मध्येच पत्रात लिहिलं होतं. मालकांची सगळी भिस्त त्यावर. न्यायालयाने पत्र नव्हे, कलम वाचलं. त्यात एकच अपवाद होता, को-ऑप आणि कॉन्डोचा. महागड्या भाड्याचा नव्हता. गंमत म्हणजे तो १९९३ चा नियम राज्याने अकराच दिवस आधी मोडीत काढला होता.

'श्रीमंतांना कशाला संरक्षण?' असं तेव्हा बरेच जण म्हणाले. मला ते पूर्ण चूक वाटत नाही. त्या टॉवर्समध्ये बँकर राहायचेच. पण भिंती घालून राहणारेही कमी नव्हते. आणि मुख्य म्हणजे, शहराने आपला कर सोडला होता तो फुकट नाही.

आता कोविडनंतर पुन्हा तोच खेळ सुरू आहे. २०२४ च्या राज्य कायद्यात ऑफिसची घरं करणाऱ्यांना करसवलत आहे, आणि चौथा हिस्सा घरं कमी भाड्यात देण्याची अट. २५ वॉटर स्ट्रीटला अशी सुमारे १३०० घरं झालीत. तुम्ही तिथे कुठे घर बघत असाल तर आधी पत्ता टाकून इमारतीच्या मालमत्ता कराचं बिल बघा. ते शहराच्या वेबसाइटवर कुणालाही दिसतं. भाडेकरू असाल तर घराच्या भाड्याचा इतिहासही राज्याच्या गृहनिर्माण खात्याकडून फुकट मिळतो.

निकालानंतरच्या आठवड्यात मी माझ्या जुन्या इमारतीचं २०१७ चं बिल उघडलं. सवलतीच्या रकान्यात लिहिलं होतं: ४२१-जी.