रिकामा रकाना

15 नोव्हेंबर 2013, शुक्रवार. आदल्या दिवशी वानखेडेवर सचिन 38 धावांवर नाबाद राहिला होता. ही त्याची दोनशेवी आणि शेवटची कसोटी. बदलापूरहून सुटलेल्या सकाळच्या लोकलमध्ये, आमच्या डब्यात एकच वाद चालला होता: सगळ्यांत मोठा कोण, सचिन की गावसकर?

मी अकरावीत होतो, कॉलेजसाठी उल्हासनगरपर्यंत जायचो. सचिनची 51 कसोटी शतकं मला तोंडपाठ होती. गावसकरवाल्यांचं म्हणणं एकच, हेल्मेटशिवाय वेस्ट इंडीजसमोर सलामीला उभं राहून दाखवा. अंबरनाथला चढलेले एक म्हातारे काका बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "आणि विजय मर्चंट?"

मी लगेच फोनवर आकडा काढला. "दहा टेस्ट, काका. फक्त दहा!" आजूबाजूचे हसले. मला जोर चढला. "तुम्ही पाहिलंय का त्यांना खेळताना?"

"मी नाही रे. वडिलांनी पाहिलंय, ब्रेबॉर्नवर."

उल्हासनगर आलं, मी उतरलो. सचिन 74 वर आउट झाला. दुसऱ्या दिवशी मॅच संपली आणि त्याचं निरोपाचं भाषण ऐकताना मी रडलो. काका मात्र डोक्यात राहिले.

आता मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. डेटा हाताळताना एक गोष्ट लवकर शिकावी लागते: रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे. माहिती नाही तिथे शून्य भरलं की पुढचा सगळा हिशेब चुकतो. मर्चंटच्या बाबतीत मी तेच केलं होतं.

त्या दहा कसोट्या 18 वर्षांत विखुरलेल्या आहेत. 1932 साली भारतीय संघ पहिली कसोटी खेळायला इंग्लंडला गेला, तेव्हा मर्चंट गेले नाहीत. देशाचे नेते तुरुंगात असताना हा दौरा त्यांना मान्य नव्हता. 1933 मध्ये बॉम्बे जिमखान्यावर ते पहिली कसोटी खेळले. 1936 मध्ये मँचेस्टरला त्यांनी आणि मुश्ताक अली यांनी 203 धावांची सलामी दिली. त्यानंतर महायुद्ध आलं. ऑगस्ट 1936 ते जून 1946 भारत एकही कसोटी खेळला नाही. मर्चंट तेव्हा 24 ते 34 वर्षांचे होते.

आता सचिनच्या करिअरमधून 24 ते 34 ही वर्षं पुसून टाका. चेन्नईतले पाकिस्तानविरुद्धचे 136 गेले. 2003 चा वर्ल्ड कप गेला. सिडनीचे नाबाद 241 गेले. उरतो तो सचिन यादीत कुठे बसेल?

त्या दहा वर्षांत मर्चंट घरी बसले नव्हते. 1943 च्या पंचरंगी सामन्यांच्या अंतिम लढतीत त्यांनी नाबाद 250 केल्या. त्याच सामन्यात समोरच्या संघाच्या 387 पैकी 309 एकट्या विजय हजारेंनी काढल्या, सांगलीच्या. काकांच्या वडिलांच्या पिढीचा वाद हा होता: मर्चंट की हजारे? सचिन-गावसकर वादाचे हे पणजोबा.

प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये मर्चंटची सरासरी 71.64 आहे. मोठी कारकीर्द असलेल्यांत जगात त्यांच्यावर फक्त ब्रॅडमन. यावर आक्षेप घेता येतो आणि तो खरा आहे. यातल्या बऱ्याच धावा मुंबईच्या पाटा खेळपट्ट्यांवरच्या आहेत. कसोटीत ते फक्त इंग्लंडविरुद्ध खेळले. लिंडवॉल-मिलरसमोर अॅडलेडच्या एकाच कसोटीत दोन शतकं ठोकली ती हजारेंनी. पण 1946 च्या इंग्लंड दौऱ्यात, ओल्या खेळपट्ट्यांवर, वयाच्या चौतिशीत मर्चंटनी 2,385 धावा केल्या. त्या पाटा विकेटच्या खात्यात टाकता येत नाहीत.

1951 मध्ये दिल्लीत फिरोजशाह कोटलावर ते शेवटची कसोटी खेळले. धावा 154, त्यांची कसोटीतली सर्वोच्च खेळी. क्षेत्ररक्षण करताना खांदा दुखावला आणि तिथेच खेळ थांबला. बरोबर 54 वर्षांनी, 2005 मध्ये, त्याच मैदानावर सचिनने 35 वं शतक करून गावसकरचा विक्रम मोडला.

या साखळीत आणखी एक कडी आहे. 1971 च्या वेस्ट इंडीज दौऱ्याचा संघ ज्या निवड समितीने निवडला, तिचे अध्यक्ष मर्चंट होते. त्यांच्या निर्णायक मताने पतौडींऐवजी वाडेकर कर्णधार झाले. त्या संघातल्या नवख्या गावसकरने चार कसोट्यांत 774 धावा केल्या.

मग यादी? विचारलंच तर मी सचिनला पहिला ठेवतो. 24 वर्षं त्या ओझ्याखाली टिकणं दुसऱ्या कुणाला जमलं नाही. त्याच्यामागे गावसकर, अगदी खेटून. मर्चंटना मी नंबर देत नाही. त्यांची जागा रिकामी ठेवतो, कारण ती खरोखर रिकामी आहे आणि त्यात दोष त्यांचा नाही.

मोठ्या खेळाडूंना हे आपल्याआधी कळतं. गावसकरांनी 1983 मध्ये 'आयडॉल्स' हे पुस्तक लिहिलं, त्यांना भावलेल्या खेळाडूंवर. त्यात पद्माकर शिवलकर आणि राजिंदर गोयल आहेत. दोघेही डावरे फिरकीपटू आणि दोघांच्याही कसोट्या शून्य, कारण त्या काळात संघात बिशनसिंग बेदी होते. शिवलकरांच्या प्रथम श्रेणीत 589 विकेट्स आहेत. मी त्या दिवशी डब्यात जो हिशेब लावत होतो, त्यात शिवलकरांचं नावसुद्धा आलं नसतं.

परवा लोकलमध्ये कॉलेजची पोरं गावसकरचा स्ट्राइक रेट काढून हसत होती. विठ्ठलवाडी गेलं, कल्याण यायला अजून वेळ होता. मी म्हटलं, "आणि विजय मर्चंट?"

एकाने लगेच फोन काढला.