रमाबाई (नामसाधर्म्य)

मराठी इतिहासात रमाबाई या नावाच्या चार स्त्रिया विशेष परिचित आहेत. त्यांपैकी पंडिता रमाबाई व रमाबाई रानडे या समकालीन व काही काळ पुण्यातच कार्यरत असल्याने त्यांच्या कार्याची पुष्कळदा गल्लत होते.

रमाबाई पेशवे या थोरल्या माधवरावांच्या पत्नी. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी क्षयाने माधवरावांचे थेऊर येथे निधन झाल्यावर त्या सती गेल्या. रणजित देसाई यांच्या 'स्वामी' कादंबरीमुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले.

पंडिता रमाबाई (२३ एप्रिल १८५८ – ५ एप्रिल १९२२) या अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कन्या. आईवडिलांनी त्यांना संस्कृत शिकविले. ते दोघेही दुष्काळात दगावले. १८७८ मध्ये कोलकात्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी झालेला विवाह जेमतेम दोन वर्षे टिकला. पतिनिधनानंतर १८८२ मध्ये त्या कन्या मनोरमेसह पुण्यास आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. विधवांसाठी १८८९ मध्ये मुंबईत काढलेले शारदा सदन पुढच्याच वर्षी पुण्यास हलले. तेथे धर्मांतर घडविले जाते या आरोपावरून १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे व रा. गो. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पुढे केडगावचे मुक्ती सदन हेच त्यांचे कार्यक्षेत्र झाले. बायबलचे मूळ हिब्रू व ग्रीकवरून त्यांनी केलेले मराठी भाषांतर उल्लेखनीय आहे.

रमाबाई रानडे (मृत्यू १९२४) यांचे माहेरचे नाव यमुना कुर्लेकर. 'रमा' हे नाव सासरचे. १८७३ मध्ये त्यांचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. पतीने शिकवावे आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी त्याबद्दल बोल लावावेत, ही कोंडी त्यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) या पुस्तकात संयमाने वर्णिली आहे. आर्य महिला समाजाच्या कामात त्यांचा प्रारंभापासून सहभाग होता. त्याची स्थापना मात्र त्यांची नव्हे. पुणे सेवासदन ही त्यांची स्वतःची उभारणी.

रमाबाई आंबेडकर (७ फेब्रुवारी १८९८ – २७ मे १९३५) यांचा जन्म दापोलीजवळील वणंद गावचा. १९०६ मध्ये त्यांचा भीमराव आंबेडकर यांच्याशी विवाह झाला. पती परदेशी शिकत असताना त्यांनी अत्यंत हलाखीत संसार चालविला. पाच अपत्यांपैकी यशवंत तेवढे जगले. अनुयायी त्यांना 'रमाई' म्हणतात. बाबासाहेबांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ त्यांच्या स्मृतीस अर्पण केला आहे.