नाशिकला बारा कधी वाजतात?

वर्षाची सरासरी काढली, तर नाशिकच्या गंगापूर रोडवर सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात साधारण १२ वाजून ३५ मिनिटं झालेली असतात. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखावृत्ताची. नाशिक तिथून पावणेनऊ अंश पश्चिमेला आणि अंशामागे चार मिनिटं, असा हा हिशेब. आज या ३५ मिनिटांशी पत्रिका मांडणारे सोडले तर कुणाला फारसं देणंघेणं नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र ‘बारा वाजले’ म्हटल्यावर ‘कुठल्या घड्याळात?’ हा प्रश्न रास्त होता.

त्या काळात गावाची वेळ सूर्यावरून ठरत असे. नाशिकची वेळ मुंबईपेक्षा चारेक मिनिटं पुढे. मुंबई टाइम ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, तर रेल्वे चालायची मद्रास टाइमवर, म्हणजे ५ तास २१ मिनिटं १० सेकंदांवर. १८८९ मध्ये नाशिक शहर ते नाशिक रोड स्टेशन अशी घोड्यांची ट्राम सुरू झाली. तिच्यातून उतरणारा उतारू गावच्या घड्याळावर विसंबून राहिला, तर स्टेशनात पाऊल ठेवताक्षणी त्याची २६ मिनिटं गेलेली असत. गाडी चुकायला एवढं पुरेसं होतं.

मुंबईत हा प्रश्न प्रतिष्ठेचा झाला. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्यांवर मद्रास टाइम लादला. लोकांनी एवढा विरोध केला, की तो हुकूम टिकला नाही. १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तासांची प्रमाणवेळ आली, तेव्हा पुन्हा ठिणगी पडली. कामाची वेळ बदलल्याने जेकब ससून मिलमधल्या हजारो कामगारांनी काम बंद पाडलं. महापालिकेत फिरोजशहा मेहतांनी मुंबई टाइमची बाजू लावून धरली आणि महापालिकेची घड्याळं स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं तशीच चालली. रेल्वेची वेळ एक, पालिकेची दुसरी, आणि शहर तेच! त्यात युद्धाची भर. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात देशभरची घड्याळं आणखी एक तास पुढे होती. त्या वर्षांत जन्मलेल्यांची पत्रिका करताना जाणता ज्योतिषी तो तास आधी वजा करतो.

हा सगळा गोंधळ आज संगणकाच्या पोटात आहे. जगभरच्या सॉफ्टवेअरमध्ये वापरल्या जाणाऱ्या टाइम झोनच्या कोशात अख्ख्या भारतासाठी ‘एशिया/कोलकाता’ ही एकच नोंद आहे. १८७० ते १९०५ या काळासाठी ती मद्रास टाइम देते, युद्धातला तासही तिच्यात आहे. मुंबईचे ४ तास ५१ मिनिटं मात्र या नोंदीत नाहीत. तेव्हा १८९० मधली नाशिकची स्थानिक वेळ या कोशातून काढली, तर ती २६ मिनिटांनी चुकते आणि संगणक हूं की चूं करत नाही.

जुन्या सोर्स कोडचा इतिहास नव्या प्रणालीत आणताना हेच संकट छोट्या प्रमाणावर उभं राहतं. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी सबव्हर्जन ही प्रणाली प्रत्येक बदलाची वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत ठेवते. लिहिणाऱ्याच्या भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले होते, याची नोंदच नाही. गिट ही नवी प्रणाली दोन्ही ठेवते: १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद, आणि शेजारी +०५३०. समजा, गंगापूर रोडवरच्या एखाद्या ऑफिसात कुणी १ एप्रिलला पहाटे साडेचारला कमिट केलं, म्हणजे कोडमधला बदल नोंदवला. सबव्हर्जनमधून ते जसंच्या तसं गिटमध्ये आणलं, तर नोंद दिसते ३१ मार्च, रात्री ११. क्षण अचूक, पण आर्थिक वर्ष बदललं. ही आयात करणाऱ्या ‘गिट-एसव्हीएन’ला ‘लोकलटाइम’ हा पर्याय आहे. तो मात्र इम्पोर्ट करणाऱ्या मशीनची वेळ लावतो. मशीन अमेरिकेत असेल, तर नाशिकचं कमिट तिकडचं होऊन बसतं. त्या मानाने सीव्हीएस या प्रणालीतून आयात करणाऱ्या ‘गिट सीव्हीएसइम्पोर्ट’ची सोय शहाणपणाची: लेखकांच्या यादीत प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा टाइम झोन लिहिता येतो.

मर्क्युरियल या आणखी एका प्रणालीची खोच वेगळीच. ती यूटीसीपासूनचा फरक, म्हणजे ऑफसेट, सेकंदांत ठेवते आणि चिन्ह उलटं, त्यामुळे भारत तिथे −१९८००. इम्पोर्टच्या स्क्रिप्टमध्ये चिन्ह फिरवायचं राहिलं, तर +०५३० चं −०५३० होतं आणि घड्याळ ११ तास मागे जातं. हे पकडणं सोपं आहे, कारण आज जगात −०५३० वापरणारा एकही देश नाही.

चुकीचा ऑफसेट सापडला की दुरुस्त करावा, असं वाटणं साहजिक. पण गिटमध्ये कमिटचा हॅश, म्हणजे त्याची ओळख ठरवणारा आकडा, त्या ऑफसेटलाही धरून निघतो. एक आकडा बदलला, की त्या कमिटचा आणि त्यावर रचलेल्या प्रत्येक कमिटचा हॅश बदलतो. रेल्स या प्रसिद्ध प्रकल्पाच्या इतिहासात एका कमिटवर +०५१८०० असा अशक्य ऑफसेट आहे. गिटमध्ये इतिहास आयात करणारं ‘फास्ट-इम्पोर्ट’ असे आकडे नाकारायचं. अखेर २०२० मध्ये त्यात ‘रॉ-परमिसिव्ह’ हा पर्याय घालावा लागला. तो ऑफसेटची तपासणी करत नाही. जे लिहिलेलं असेल, ते तसंच पुढे जाऊ देतो.