बेटावरच्या युजीनियाबाई

नकाशात डॉमिनिका शोधायला भिंगच घ्यावं लागतं. कॅरिबियन समुद्रात मार्टिनिक आणि ग्वादलूप या दोन फ्रेंच बेटांच्या मधोमध हा डोंगराळ ठिपका आहे. जमीन साडेसातशे चौरस किलोमीटर, माणसं सत्तर हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढा देश. डॉमिनिकन रिपब्लिक वेगळं, त्याच्याशी याची गल्लत करू नये. संसदेत निवडून आलेले सदस्य अवघे 21. एवढ्या लहान सभागृहात समोरच्या बाकावरचा माणूस नुसता विरोधक कसा असेल? त्याचं घर, त्याचे वाडवडील, त्याची देणीघेणी सगळ्यांना ठाऊक असणार. म्हणूनच मला लहान देशांचा इतिहास वाचायला आवडतो. एका माणसाच्या निर्णयाचं बरंवाईट तिथे लपत नाही.

या संसदेत युजीनिया चार्ल्स नावाच्या बाई वीस वर्षांहून अधिक काळ वावरल्या. जन्म 1919 चा. वडिलांनी शेतीव्यापारात बस्तान बसवलं होतं आणि गोरगरिबांच्या पैपैशावर चालणारी सहकारी पेढी उभी केली होती. मुलगी टोरांटोला शिकली, लंडनला बॅरिस्टर झाली आणि 1949 मध्ये परत येऊन तिने वकिली सुरू केली. बेटावरची ती पहिली स्त्री वकील. लग्न केलं नाही. पन्नाशीपर्यंत राजकारणाशी थेट संबंधही नव्हता.

संबंध आला तो एका कायद्यामुळे. 1968 साली तिथल्या मजूर पक्षाच्या सरकारने 'राजद्रोही' लिखाणाला आळा घालणारा कायदा आणला. सरकारवर वर्तमानपत्रातून टीका केली तर शिक्षा. लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'तोंड बंद करा कायदा'. त्याविरुद्ध जी माणसं रस्त्यावर आली, त्यांतूनच डॉमिनिका फ्रीडम पार्टी जन्मली आणि बाई तिच्या पुढारी झाल्या. 1970 ची निवडणूक त्या हरल्या. पण नामनियुक्त सदस्य म्हणून सभागृहात शिरल्या. 1975 मध्ये राजधानी रोझोमधून रीतसर निवडून आल्या आणि विरोधी पक्षनेत्या झाल्या.

3 नोव्हेंबर 1978 ला बेट स्वतंत्र झालं. सात महिनेही झाले नाहीत तोच पंतप्रधान पॅट्रिक जॉन यांनी संपावर आणि वृत्तपत्रांवर बंधनं घालणारी विधेयकं मांडली. 29 मे 1979 ला लोक जमले, लष्कराने गोळी चालवली, एक तरुण गेला. देश ठप्प झाला, सरकार कोसळलं. त्याच वर्षी 29 ऑगस्टला 'डेव्हिड' नावाचं चक्रीवादळ आलं. घरांची छपरं उडाली, केळीच्या बागा आडव्या झाल्या. केळी इंग्लंडला पाठवून तर तो देश जगत होता! अशा उद्ध्वस्त घराचा कारभार जुलै 1980 मध्ये लोकांनी एकसष्ट वर्षांच्या या बाईंच्या हाती दिला. 21 पैकी 17 जागा. इंग्रजी बोलणाऱ्या कॅरिबियन देशांतल्या त्या पहिल्या स्त्री पंतप्रधान.

खरी परीक्षा पुढेच होती. 1981 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सजवळ काही गोरे भाडोत्री सैनिक शस्त्रांसह पकडले गेले. त्यांतले काही तर कू क्लक्स क्लानचे! हे लोक बोटीने डॉमिनिकाला जाऊन काळ्या माणसांचं सरकार उलथून पॅट्रिक जॉन यांना परत गादीवर बसवणार होते. बाईंनी लष्करच मोडीत काढलं. डिसेंबरमध्ये त्याच लष्करातल्या माणसांनी पोलीस मुख्यालयावर हल्ला केला. त्या खटल्यात माजी लष्करप्रमुख फ्रेडरिक न्यूटन यांना 1986 मध्ये फाशी झाली. बाकीच्या दोषींची फाशी रद्द होऊन त्यांना कैद मिळाली. यांची का झाली नाही, हा प्रश्न मला सतावतो. बंड मोडणं वेगळं आणि मोडून पडलेल्या माणसाचा जीव घेणं वेगळं. अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या मला तरी हे पान उलटून पुढे जाता येत नाही.

दुसरं असं पान ग्रेनाडाचं. शेजारच्या त्या बेटावर ऑक्टोबर 1983 मध्ये पंतप्रधान मॉरिस बिशप यांना त्यांच्याच सोबत्यांनी ठार केलं. पूर्व कॅरिबियन देशांच्या संघटनेचं अध्यक्षपद तेव्हा युजीनियाबाईंकडे होतं. 25 तारखेला अमेरिकन फौजा ग्रेनाडात उतरल्या, तेव्हा वॉशिंग्टनमध्ये रेगन यांच्या शेजारी उभं राहून त्यांनी जगाला सांगितलं की आम्हीच मदत मागितली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने या कारवाईचा निषेध केला. पुढच्याच महिन्यात राष्ट्रकुलाचे प्रमुख इंदिराबाईंच्या अध्यक्षतेखाली दिल्लीत आणि मग गोव्यात जमले, तिथेही ग्रेनाडावरून वादावादी झालीच. आपल्याकडे बाईंना अमेरिकेची बाहुली म्हणणं सोपं होतं. पण ज्या देशाला स्वतःचं सैन्य नाही आणि जो अडीच वर्षांपूर्वीच भाडोत्र्यांच्या तावडीतून वाचला, त्याच्या भीतीला मोठ्या देशाच्या मापाने मोजावं का? भीती खरी होती. तरी महासत्तेला एकदा घरात बोलावलं की तिला नको म्हणायची सोय उरत नाही, हेही तितकंच खरं.

घरच्या कारभारात मात्र बाई काटकसरी आणि हट्टी. रस्ते बांधले, कर्जाचा हिशोब लावला. जुगाराचे अड्डे आणि नाइटक्लब आणून पर्यटक ओढायला त्यांचा ठाम नकार होता. म्हणूनच तिथलं जंगल आणि नद्या आजही त्या देशाची ओळख आहेत. 1985 ला त्या पुन्हा जिंकल्या. 1990 ला 21 पैकी 11, म्हणजे जेमतेम. 1995 मध्ये त्या आपणहून बाजूला झाल्या आणि पक्ष हरला. 2005 च्या सप्टेंबरमध्ये मार्टिनिकच्या इस्पितळात त्या गेल्या.

त्यांच्या नावापुढे 'लोखंडी' हे विशेषण लावायची रीत पडली आहे. ते मला पटत नाही. लोखंड कुणीही गरम करून वाकवतं. तोंड बंद करणाऱ्या कायद्याला पन्नाशीच्या उंबरठ्यावर एक वकीलबाई 'नाही' म्हणाली आणि त्या 'नाही'मधून एक पक्ष, मग एक सरकार उभं राहिलं, हे त्यांचं मोठेपण. ते मान्य करताना न्यूटनची फाशी झाकायची गरज नाही. एकाच बाईच्या हातून दोन्ही झालं. एवढ्याशा संसदेच्या इतिहासात ते दोन्ही स्पष्ट दिसतं, आणि दोन्ही वाचूनच त्या बाईंविषयी काही बोलावं.